सत्तेचाळीस नंबरचा बिल्ला

उपस्थित सभ्य स्त्री-पुरुषहो, खुर्च्या पुढे ओढा, फोन पालथे ठेवा, आणि ज्यांच्या हातात चहा आहे त्यांनी तो आधी संपवावा. एक घोषणा होणार आहे. तिचं महत्त्व एवढं की खरं तर तुतारी हवी होती. पण आयर्लंडातल्या शॅननच्या या वाऱ्यात तुतारीचा सूर थेट अटलांटिकात जाऊन पडेल, तेव्हा तुतारीविना ऐका. घोषणा अशी: जी गोष्ट मी जवळजवळ तीस वर्षं लोकांना हसवत सांगत आलो, ती मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही.

दोन्ही खरं आहे. थांबा जरा—कळेल.

आधी मी कोण ते सांगतो. वय पन्नास. इथल्या औद्योगिक वसाहतीत विमानांचे सुटे भाग दुरुस्त करण्याच्या कारखान्यात नोकरी. त्याआधी वीस वर्षं फौजेत, विमानांचा मेकॅनिक. बाकी वेळ—बोलणं. माझी बायको सुनंदा म्हणते, तुमचे पोहेसुद्धा तीन अंकी असतात. लिमरिकचा गणपती असो की डब्लिनची दिवाळी, जेवणानंतर कोणीतरी माइक माझ्या हातात देतंच, आणि मी—खोटं कशाला बोलू?—तो हातात यायची वाटच बघत असतो.

माझा हुकमी किस्सा होता पान्याचा.

तो असा. आम्ही एकोणीस वर्षांची पोरं, विमानांचे मेकॅनिक घडवणाऱ्या फौजेच्या केंद्रात. तिथला नियम साधा. भिंतीवर फळा, फळ्यावर प्रत्येक हत्याराची रंगवलेली आकृती, आकृतीवर ते हत्यार. प्रत्येक पोराला पाच पितळी बिल्ले, त्यावर त्याचा नंबर. पाना काढला की त्या रिकाम्या आकृतीवर आपला बिल्ला अडकवायचा. संध्याकाळी मोजणी. एक आकृती जरी रिकामी राहिली तरी कोणी जेवायला जायचं नाही, कारण विमानात विसरलेला पाना माणसं मारतो. आता आमच्यात एक वऱ्हाडी पोरगं होतं, महाविसरभोळं. टोपी हरवायचं, मोजे हरवायचं, एकदा तर परेडला एक बूट स्वतःचा आणि एक शेजाऱ्याचा घालून आलं. एका संध्याकाळी एक आकृती रिकामी. बिल्ला त्याचा. तीन तास शोधाशोध. पाना सापडला कुठे? शिकवण्यासाठी ठेवलेल्या जुन्या विमानाच्या इंजिनाच्या तोंडात. तेच इंजिन दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू करून दाखवायचं होतं! साहेब लालबुंद. पाना इथे कसा आला? आणि आमचं पोरगं डोकं खाजवत, डोळे बारीक करून, अगदी मनापासून म्हणतं, "याद नहीं आ रहा, सर!"

इथे हशा. मी डोकं असं काही खाजवायचो की मागच्या रांगेतले लोकही टाळ्या द्यायचे. पुढे त्या पोराचं काय झालं, हे मला कधीच कोणी विचारलं नाही. किस्सा हशावर संपला की संपला.

दोन हजार सोळाची दिवाळी. डब्लिनमधला हॉल. हशा झाला, टाळ्या झाल्या, मी विजयी मुद्रेने गुलाबजामच्या रांगेत उभा राहिलो. एक मुलगी जवळ आली, पंचविशीची, हातात ताट. डब्लिनजवळच्या लिक्सलिपला, संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीअर होती. नाव पल्लवी.

"काका, त्या बिल्ल्याचा नंबर सत्तेचाळीस होता का?"

किस्स्यात मी नंबर कधीच सांगत नसे.

रमाकांतची, म्हणजे त्या वऱ्हाडी पोराची, मुलगी. मला वाटलं, आता ही ताट माझ्या अंगावर फेकणार. फेकलं असतं तर—पण ती आनंदाने खुलली होती. बाबांच्या तुकडीतला माणूस सापडला म्हणून! तिथेच उभ्या उभ्या तिने सगळं सांगितलं. रमाकांत आधीच एका परीक्षेत घसरलेला होता. पान्यानंतर तीन आठवड्यांत त्याला घरी पाठवलं. दाखल्यावर शेरा: हलगर्जीपणा, सेवेस अयोग्य. वर्धा जिल्ह्यातल्या गावी त्याने पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान टाकलं, चांगलं चाललं. पण पंधरा ऑगस्टला गावातले माजी सैनिक शाळेच्या मैदानात एका ओळीत उभे राहतात, तेव्हा हा दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसतो. दोन वर्षांपासून तो शेरा बदलून मिळावा म्हणून अर्ज करत होता. पैसा नको, पेन्शन नको, 'हलगर्जीपणा' हा एक शब्द तेवढा काढा. नागपूरचे वकील म्हणाले होते, तुमच्या वेळचा कोणीतरी साक्षीदार आणा.

"बाबा अजून मोटारीचं झाकण लावण्याआधी पाने मोजतात," ती हसत म्हणाली. "तीनदा! गिऱ्हाईक ताटकळतं. पण काका, त्यांना खरंच ते आठवत नाही हो. ते म्हणतात, माझ्या हातून झालं असेलही, पण मला दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी रमाकांतचा आवाज आला, फोनवर पाठवलेला. "शेचाळीस नंबर! लेका, तू थेट आयर्लंडात? मायबाप! पल्लवीनं सांगतलं. आयक, तुले त्या दिवशी जे दिसलं असन थे लिहून दे बावा. पण माह्यासाठी खोटं काई लिहू नको."

सेहेचाळीस नंबर म्हणजे मी. आमची टेबलं लागून होती.

तुमच्या लक्षात आलं असेल, मी गोल गोल फिरतोय. अजून एक फेरी मारू द्या. दोन हजार चौदामध्ये, म्हणजे पल्लवी भेटण्याआधी दोन वर्षं, इथल्या कारखान्यात माझा एक लहान पाना हरवला. माझ्याच हातून. मी ताबडतोब आमच्या सुपरवायझरला, ब्रेंडनला, सांगितलं. तो म्हणाला, "ग्रँड," म्हणजे इकडच्या बोलीत ठीक आहे, "चल शोधू." सगळ्यांनी कामं थांबवली आणि पाना माझ्याच गुडघ्याखालच्या चटईत मिळाला. किती वेळ लागला? वीस मिनिटं. माझ्यावर कोणी ओरडलं नाही. उलट चहाच्या सुट्टीत एकाने पाठीवर थाप मारून म्हटलं, लगेच सांगितलंस ते बरं केलंस. मी स्वच्छतागृहात गेलो आणि नळ सोडून बराच वेळ नुसता उभा राहिलो. वीस मिनिटं. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी माझ्याकडे वीस मिनिटं नव्हती?

तर. तो पाना मी घेतला होता.

माझे पाचही बिल्ले फळ्यावर अडकलेले होते. आणखी एक पाना हवा होता. रमाकांतचे बिल्ले दोन टेबलांमधल्या डब्यात पडलेले असायचे—तो ते कुठेही टाकायचा. मी एक उचलला. त्याला सांगणार होतो. सांगणार होतो—आणि विसरलो. मग चहाची घंटा झाली आणि मी पानाही विसरलो. इथवर बघा, गुन्हा नव्हे, फक्त बावळटपणा. तोही अगदी रमाकांतच्या तोडीचा.

पण संध्याकाळी सगळे ओळीत उभे असताना फळ्यावर सत्तेचाळीस नंबर लटकत होता, आणि मला सगळं आठवलं. अगदी लख्ख. ही माझी जीभ, जी झोपेतही थांबत नाही, ती त्या दिवशी थांबली. साहेबांनी रमाकांतला विचारलं, त्याने डोकं खाजवलं, पोरं हसली. मी पण हसलो. आधी मीच हसलो असेन. पुढे चौकशीत मला विचारलं: याला पाना घेताना पाहिलंस का? मी म्हणालो, "घेताना पाहिलं नाही सर. पण बिल्ला त्याचाच आहे." शब्दन् शब्द खरा! किती अभिमान वाटला होता मला त्या वाक्याचा, माहीत आहे? खोटं न बोलता सुटलो म्हणून.

तो गेला त्या सकाळी त्याची ट्रंक मी उचलून ट्रकपर्यंत नेली. त्याने माझे आभार मानले.

आता तुम्ही म्हणाल, एकोणिसाव्या वर्षी माणूस घाबरतो. ठीक. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी? तेव्हा मी फौजेतून सन्मानाने निवृत्त झालेलो होतो. माझं कोण काय वाकडं करणार होतं? चार ओळी पुरल्या असत्या. बिल्ला मी घेतला. पाना मी विसरलो. तेव्हा गप्प राहिलो. खाली सही. त्याचा अर्ज कदाचित त्या चार ओळींवर उभा राहिला असता.

मी लिहिली तीन पानं.

एका रविवारी पल्लवी बसने शॅननला आली. सुनंदाने थालीपीठ लावलं. आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्या पोरीला सल्ला दिला—ऐकताय ना?—की "आठवत नाही, आठवत नाही" म्हणत बसण्यात अर्थ नाही. कार्यालयातल्या लोकांना पश्चात्ताप आवडतो. बाबांनी चूक मान्य करावी, कोवळं वय होतं म्हणावं, दया मागावी. मी साक्षीदार म्हणून लिहितो की पोरगा गुणी होता, एका क्षणाची नजरचूक झाली. तिने विचारलं, "पण काका, तुम्ही ते पाहिलंत?" मी म्हणालो, पाहिलं.

मग मी ते लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. अर्थात उभा राहून. दुपारची वेळ. पत्र्याच्या फटीतून तिरपं ऊन येत होतं. रमाकांतने मनगटाने कपाळावरचा घाम पुसला. इतक्यात चहाची घंटा झाली. त्याने हातातला पाना क्षणभर इंजिनाच्या कडेवर ठेवला, ओव्हरऑलचं वरचं बटण सोडलं आणि दाराकडे वळला. पल्लवी रडली. सुनंदाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं लिखाण ते. ऊन, घंटा, घाम, बटण, सगळं खरं होतं. फक्त माणूस मी होतो.

शपथेवर सही करायला जवळच्या एनिस गावात एका वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी कपाटातून बायबल काढलं, माझ्याकडे पाहिलं, परत ठेवलं आणि विचारलं, तुमच्यात कशावर हात ठेवतात? मी म्हणालो, बाई, माझा शब्द पुरेल. त्यांना हसू आलं. मी पण हसलो. शिक्का बसला. रमाकांतनेही माझ्या सल्ल्याप्रमाणे अर्जात चूक मान्य केली.

दिल्लीहून उत्तर यायला आठ-नऊ महिने लागले. अर्ज फेटाळला. कारण एका ओळीत होतं: चूक झाली हे अर्जदार स्वतः मान्य करतो आणि त्याचा साक्षीदारही तेच सांगतो, तेव्हा शेरा बदलण्याचं कारण दिसत नाही. पल्लवीने मला ते फोनवर वाचून दाखवलं आणि लगेच म्हणाली, काका, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

तेव्हापासून मी किस्सा सांगणं बंद केलं. लोक फर्माईश करतात, मी दुसरा सांगतो. कारखान्यात पाळी संपताना हत्यारं मोजतो तेव्हा आकडा बरोबर आला तरी वाटतं, एक आकृती रिकामी आहे आणि ती कोणालाच दिसत नाही. कधी कधी माझ्या शेजारच्या टेबलाशी कोणीतरी डोकं खाजवत उभं आहे असं वाटतं. वळून बघत नाही. आज दोन हजार एकोणीस आहे. रमाकांतचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, त्याचं दुकान आता या घटकेला उघडंच असेल. मग मी हे तुम्हाला का सांगतोय, त्याला का नाही? याचं उत्तर असलंच तरी ते ऐकायला तुम्ही बांधील नाही. तुमच्याकडून मला काही नको.

एवढंच राहिलं. उत्तर आल्यानंतरच्या शनिवारी मी गाडी काढली आणि शॅननहून थेट लिक्सलिपला गेलो. अडीच तास. वाटेत मोठ्याने सराव केला. आधी पोरीला सांगायचं, मग तिच्यासमोरच तिच्या बापाला. चार ओळी, एकही विशेषण नाही. पल्लवीने दार उघडलं तेव्हा फोन तिच्या हातातच होता, पडद्यावर रमाकांत. केस पांढरे, कपाळाला ग्रीस. तिने फोन माझ्याकडे वळवला. मी म्हणालो, "रमाकांत, मला तुला एक सांगायचंय."

पण तो इतका खुशीत होता की त्याने मला बोलूच दिलं नाही.

"थांब बावा, पयले माहं आयक! अर्ज गेला तर गेला, पण तुह्या पत्रानं माह्या डोक्यातला भुंगा गेला. अठ्ठावीस वर्षं मले काईच आठवत नोतं. आता सगळं आठवते—घंटी झाली, मी घाम पुसला, अन् पाना थेच ठेवला!"