आडाचा डेटा टाइप

या विश्वात प्रत्येक गोष्टीला एक प्रकार असतो आणि तो ओळखता आला की भय उरत नाही, हे वाक्य मी लातूरच्या कॉलेजात दरवर्षी प्रोग्रामिंगच्या पहिल्या तासाला म्हणतो. तेवढ्यात प्रोजेक्टर सुरू होतो. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. घडलं ते सांगतो... कुणाला कारण सापडलं तर कळवा.

त्या दुष्काळात माझी सासुरवाडी, मुखेड तालुक्यातलं एक गाव, टँकरवर होती. नव्या जिल्ह्याची मागणीही त्याच उन्हाळ्यात जोरात होती. पाणी नव्हतं, पण स्वागत कमानीची जागा ठरली होती. टँकरपाशी रोज भांडणं. मेहुणा शिवराज म्हणाला, लोकांना मोबाइलवरून पाण्याची मागणी टाकता येईल असं काहीतरी करा. लोक काय टाइप करतील याचा नेम नाही, म्हणून मी आधी एक फंक्शन लिहिलं — आलेली माहिती कुठल्या प्रकारची, ते सांगणारं. उत्तरं पाचच: संख्या, तारीख, होय-नाही, मजकूर, रिकामं. 'हाव' म्हणजे होय, हेही त्याला शिकवलं. पुण्याच्या प्रोग्रामरला त्यात लोभ दिसला असता.

चाचणीच्या दुपारी मी लातूरला लॅपटॉपसमोर, शिवराज गावातून फोनवर. तो मोबाइलवर शब्द टाकणार, उत्तर दोघांनाही दिसणार.

"दाजी, लवकर उरका. महादप्पा काका सकाळपासून दिसून नाही राहिले. टँकरवर कुणी तरी त्यांना टाकून बोललं, रुसून गेले."

"कंधारला लेकीकडं गेले असतील."

"फोन केला. तिथं न्हाईत. गडी शोधून राहिलेत."

काका म्हणजे माझे चुलत सासरे, सत्तरीचे, शुगरचे पेशंट, त्यात ते ऊन. मी म्हटलं, "मग हे राहू दे. तू जा."

"दोन-चार शब्द टाकतो अन् निघतो."

'२०' — संख्या. 'हाव' — होय-नाही. 'टँकर' — मजकूर. मग त्यानं टाकलं, 'आड'.

उत्तर आलं — माणूस.

"दाजी, तुमचं मशीन लई शिकलं! आडाला माणूस म्हणून राहिलं!"

मी कोडमध्ये 'माणूस' शोधला. कुठेच नाही. मी लिहिलेलाच नव्हता. पुन्हा टाकायला लावलं. 'बोअर' — मजकूर. 'आड' — माणूस.

"शिवराज... देवळामागचा तुमचा आड कुणी पाहिला का?"

"त्यो कोरडा ठणठणीत हाय. तिकडं कोण मरायला जातंय?"

"तू जा. फोन चालू ठेव."

पावलं, धाप, कुत्र्याचं भुंकणं...

"दाजी... काकांच्या वहाणा हायत काठावर."

काका तळाशी गाळात होते, पाय मोडलेला. गावाला टँकरची गरज नाही, आपल्या आडाचा झरा जिवंत आहे, हे दाखवायला एकटेच उतरले होते. दोर लावून काढलं, दवाखान्यात नेलं. वाचले. संध्याकाळपर्यंत टिकले नसते, असं डॉक्टर म्हणाले.

मी भेटायला गेलो. विचारलं, "काका, हाका मारल्या नाहीत?"

"मारल्या की. मग दम सरला. मग कुणी तरी इचारलं, कोण हाय? म्या म्हणलं, माणूस हाय."

"शिवराजनं विचारलं असेल, वरून."

"न्हाई जावईबापू. त्यो लई मागून आला." काकांनी पांघरूण वर ओढलं. "अन् आवाज वरून नव्हता. खालून हुता."

त्या दिवसानंतर 'आड' टाकला की 'मजकूर'च येतं. कॉलेजातले सहकारी म्हणतात, फॉन्टचा घोळ असेल. फॉन्टला काका कुठं आहेत हे कसं कळलं?

जिल्हा कृती समितीच्या अध्यक्षांनी मात्र गावात सत्कार ठेवला. विज्ञान आणि अध्यात्म यांचा संगम आपल्याच भावी जिल्ह्यात झाला, यावर ते पुष्कळ बोलले. लॅपटॉपला हार घातला, विभूती लावली. विभूती कीबोर्डात गेली. तेव्हापासून स्पेसबार अडकतो.