दोन मिनिटांचे आतोबा

आमच्या आतोबांना गप्प बसवणारा माणूस रायपुरात अजून जन्माला यायचा आहे, असं आम्ही सगळे म्हणायचो आणि त्यात काडीचीही अतिशयोक्ती नव्हती. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मराठ्यांच्या राज्यापासून पुरानी बस्तीत ठाण मांडून बसलेलं घराणं. एकाच वाक्यात मराठी, हिंदी आणि छत्तीसगढी अशी कालवून बोलायचे की ऐकणाऱ्याला श्वास घ्यायची सवड नाही. दातांच्या डॉक्टरनं तोंडात कापूस कोंबला तर हे हातवारे करून त्याच्या सासुरवाडीची चौकशी करत राहिले. कोणाच्या सांत्वनाला गेले की गेलेला माणूस पत्त्यांत कसा लबाडी करायचा हे इतकं रंगवून सांगायचे की रडणारी विधवासुद्धा पदर तोंडाला लावून हसायची. एकदा बिलासपूरहून राँग नंबर लागला. दुसरा असता तर त्यानं फोन ठेवला असता! आतोबा तासभर बोलले, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या राँग नंबरवाल्याच्या मुलीच्या लग्नात दोघं नवरा-बायको पहिल्या पंगतीला जेवून आले. आत्या म्हणायची, "मी लग्नात 'हो' म्हटलं, त्यानंतर मले बोलाले मिळालंच नाही."

असा हा माणूस वर्षातून दोन मिनिटं मात्र चूप राहायचा. तीस जानेवारीला, बापूंच्या पुण्यतिथीला, सकाळी अकराला सरकारी भोंगा वाजला की गल्लीच्या तोंडाशी मान खाली घालून उभा. त्यांच्यासोबत समोरच्या घरातली दीदी तेवढी उभी राहायची. बाकी पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, आपल्या कामात. आतोबांना हेच लागायचं. मी एकदा विचारलं, एवढं काहून मनाला लावून घेता? तर म्हणाले, "अवं पोट्टी, मी तेव्हा सात वर्षांचा. बापू गेले, आन् दुसऱ्या दिवशी समजलं का मारणारा मराठी होता. नागपूरकडून मराठी बामणांची घरं जाळल्याच्या खबरा येऊन राहिल्या होत्या. ह्या दीदीच्या मायनं आमाले सगळ्याईले आपल्या घरात घेतलं. आन् पाऱ्यातले लोक, बापूसाठी रडून राहिलेले लोक, दिवसभर गल्लीच्या तोंडाशी राखणीले बसून राहिले. आमच्या दाराले कोणी हात नाही लावला. माय मले म्हणे, तोंड उघडू नको, तुही बोली ऐकतील. मी भेवानं चूप होतो, बाई. आता मनानं चूप राहतो. पण पाऱ्यानं एकदा माह्यासोबत थांबावं, एवढंच वाटते." एवढं सांगून ते चक्क थांबले.

मग राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, आणि गावात जिकडे तिकडे लाल दिव्याच्या गाड्या भोंगे वाजवत फिरू लागल्या. त्या वर्षी आतोबांनी महिनाभर घरोघरी फिरून सगळ्यांना पटवलं. राजधानीचे लोक आपण, दोन मिनिटं तरी थांबू या! तीस तारखेला सगळा पारा खरंच जमला. आणि भोंगा वाजला. "चूप! सब चूप!" आतोबा गरजले. जिलेबीवाल्यानं झारा खाली ठेवला, रिक्षा थांबल्या, सगळ्यांनी हात जोडले. तेवढ्यात वळणावरून तोच भोंगा वाजवत पायलट गाडी आली, मागून मंत्रीसाहेबांची गाडी. देवळात दर्शनाला निघाले होते! आपल्यासाठी एवढी जनता हात जोडून उभी आहे हे पाहून साहेब गहिवरले, काच खाली करून हात हलवत गेले. हसता हसता लोकांची पोटं दुखली. खरा भोंगा वाजला तेव्हा पुन्हा थांबायला कोणी तयार नाही. आणि मग काय, वर्षभर चेष्टा. "भैया, आज कौन से मंत्रीजी के लिए चुप रहना है?"

आतोबा वरवर हसायचे, पण आतून फार दुखावले होते. पुढच्या जानेवारीत त्यांनी जाहीर करून टाकलं, "आता मी खाली उतरत नाही. माह्यामुळे बापूचा तमाशा झाला." आत्याचे डोळे भरून आले. मी स्टेशनापलीकडच्या गुढियारीहून मुद्दाम गेले होते, हाताला धरून ओढलं, समजावलं, रुसून पाहिलं. छे! पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले. अकराचा भोंगा वाजला तरी हलले नाहीत.

भोंगा थांबला, आणि आतोबांनी मान वर केली. बाहेर काहीच आवाज येत नव्हता. स्कूटर नाही, भाजीवाली नाही, जिलेबीवाल्याचा रेडिओ नाही. आत्यानं दार उघडलं. सगळी गल्ली उभी होती. आमच्या दाराकडे तोंड करून. वर्षभर चिडवणारे सगळ्यांत पुढे, आणि मधोमध दीदी. आठवडाभर ती एकटी घरोघर फिरली होती आणि आम्हाला तिनं कळू दिलं नव्हतं.

आतोबा उंबऱ्यात आले आणि त्यांना रडूच फुटलं. आणि रडता रडता, देवा रे, ते बोलायला लागले! "अरे, तुम्ही सगळे आले... माह्या मायले पाहाले पाहिजे होतं रे... तुमच्या बापाईनं आमाले वाचवलं..." एकेकाचं नाव घेऊन, त्याच्या बापाचं, आज्याचं नाव घेऊन, मोठमोठ्यानं. जन्मभर पाळलेली दोन मिनिटं त्यांनी स्वतःच मोडली. "अहो, चूप तरी बसा," आत्या पुटपुटली. दीदीनं नुसता हात वर करून तिला थांबवलं. आणि सात वर्षांच्या पोराला जे मराठीतून बोलता आलं नव्हतं ते सगळं बोलून होईपर्यंत पारा मान खाली घालून ऐकत राहिला.

आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तीस जानेवारीला पारा अजून थांबतो. सगळे नाही, पण पुष्कळ. नवीन पोरं मराठी समजतात आणि उत्तर हिंदीत देतात, पण येऊन उभी राहतात. भोंगा थांबतो, दोन मिनिटं होतात, आणि मग पहिलं कोणी बोलायचं ते कोणालाच कळत नाही. आम्ही एकमेकांकडे बघत तसेच आणखी थोडा वेळ उभे राहतो.