न वाळणारी वांगी

लढाई संपली, बोटी पुन्हा सुरू झाल्या आणि आमच्या शाळेच्या मडमबाई मायदेशी निघाल्या. मी तेव्हा तिसगावला मिशनच्या शाळेत दुसरीचा वर्ग घ्यायची. मुलांसाठी फळ्यावर रंगीत खडूनं चित्रं काढायची, ती बाईंना आवडत असावीत. जाताना त्यांनी मला एक लाकडी पेटी दिली. आत रंगाच्या मऊ पत्र्याच्या नळ्या, ब्रश, टर्पेंटाइनची अर्धी बाटली आणि आणखी एक रिकामी बाटली, तळाशी डिंकासारखं काहीतरी वाळलेलं.

"हे तैलरंग. थोडं तेल घालून लाव. आणि डोळे बारीक करून बघ, म्हणजे मोठं तेवढंच दिसेल," त्या म्हणाल्या. दारात गाडीवर सामान चढत होतं, तेवढ्यात दिलेला हा एकच धडा. कुठलं तेल, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. तेल म्हणजे तेल.

घरी आल्याबरोबर निळी नळी उघडली. रंग लोण्यासारखा बाहेर आला आणि बोटावर तसाच उभा राहिला. मी तोवर पाण्याचेच रंग वापरले होते. ते कागदावर पसरतात, आपल्याला त्यांच्यामागं पळावं लागतं. हा रंग ठेवला तिथं थांबत होता. मी कितीतरी वेळ तो नुसताच इकडून तिकडं सारत बसले.

सासूबाई शेतातून वांगी घेऊन आल्या होत्या. त्यांतली दोन मी खिडकीत पाटावर ठेवली, खोक्याची एक फळी घासून घेतली आणि स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं तेल रंगात कालवून सुरुवात केली. डोळे बारीक केले तर वांगं जांभळं राहिलंच नाही. वर आभाळाचा तुकडा होता, मधे काळोख आणि खाली पाटाची तांबूस छटा.

"काळ्या वांग्याला निळं कशाला लावती गं?" सासूबाईंनी विचारलं.

"इकडून बघा, आई. त्यात खिडकी दिसते."

त्या वाकल्या, डोळे बारीक केले. "व्हय की! खिडकीच हाय."

चित्र बरं झालं, पण ते वाळेना. आठवडा गेला, बोट लावलं की बोट जांभळं. खरी वांगी कधीच भाजीत गेली होती. फळीवरच्या वांग्यांना धूळ चिकटली, मग माशी, मग कोंबडीचं पीस. आमचे हेही शाळेत मास्तर. रोज घरी आले की फळीपाशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "अजून ताजी आहेत."

मला वाटलं, रंगच जुने झाले असतील. सासूबाईंना ते पटलं नाही. "तेल का एक असतंय? समदी लावून बघ की," त्या म्हणाल्या. मग आम्ही दोघींनी फुटक्या पाटीवर निळ्या रंगाचे चार ठिपके दिले. एकात शेंगदाण्याचं तेल, एकात तिळाचं, एकात करडईचं आणि एकात घाण्यावरून मागून आणलेलं जवसाचं. पाटी पत्र्यावर उन्हात ठेवली. सकाळी शाळेला जाताना मी बघायची आणि दुपारी माझ्या आधी सासूबाई बघायच्या. त्यांच्या बोटावरून मला कळायचं. सगळ्यांत आधी जवसाचा ठिपका वाळला. त्यावर नख मारलं तरी उठेना. करडईचा मागाहून वाळला, तिळाचा चिकट राहिला, शेंगदाण्याचा तसाच ओला. मडमबाईंच्या पेटीतल्या त्या रिकाम्या बाटलीच्या तळाशी डिंकासारखं काय बसलं होतं, ते मला तेव्हा समजलं.

आता माणूस काढायची हौस आली. सासूबाई बसायला तयार झाल्या, पण रिकाम्या हातानं नाही. रविवारी मिशनच्या देवळातून आल्यावर त्या सुपात डाळ निवडत बसायच्या आणि मी रंगवायची. पेटीत कातडीचा म्हणून एक रंग होता. तो लावला आणि सासूबाईंच्या मडमबाई झाल्या! तो पुसला. मग मातीचा तांबडा, पिवळा आणि चिमूटभर हिरवा कालवत गेले, माझा हात शेजारी धरून ताडून बघत. माणसाच्या सावलीत हिरवं असतं, हे मला कोण सांगणार होतं?

पहिलं चित्र त्यांनी नीट निरखलं. "हात माझंच हायत. तोंड शेजारणीचं हाय."

मी तोंड खरवडून काढलं आणि पुन्हा केलं. तेही कुणा दुसरीचंच झालं. मला वाटलं, आता त्या कंटाळतील. पण पुढच्या रविवारी मी पेटी उघडायच्या आत त्या सूप घेऊन जागेवर हजर.

त्या दिवशी उन्हाचा तडाखा होता. निवडता निवडता त्यांचे हात थांबले, मान खाली आली. मी उठवलं नाही. एरवी मला चित्र काढताना बघून त्या ओठ आवळून बसायच्या. झोपेत ते सुटले आणि गालाच्या खळग्यापासून हनुवटीपर्यंतचा चेहरा मला पहिल्यांदाच सरळ दिसला. मी भराभर लावत गेले.

जाग आल्यावर त्या फळीसमोर येऊन उभ्या राहिल्या. मिटलेले डोळे बघून रागावतील अशी मला धास्ती होती.

"ही मीच," त्या म्हणाल्या. "दमल्याली हाय, पर मीच."

मग दारात जाऊन त्यांनी शेजारणीला हाक मारली. हे भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून त्या खिळ्याला फळी कशी टांगावी याचा विचार करत उभे राहिले.