दिपालीची होस, जयाबाईंची हौस

कंग्राळीत आमच्या घरात शिकलेली माणसं पुष्कळ. पण दिवसभर नोकरी करून वर पुन्हा मोठ्या परीक्षेला बसलेलं माणूस मी एकच बघितलं, ते म्हणजे आमची नातसून दिपाली. नातू विक्रमची बायको, माहेर कणकुंबी. ओढ्यापलीकडच्या माणसाशी बोलायची लहानपणापासनं सवय, त्यामुळं आवाज खणखणीत. उद्यमबागेत पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ती तपासणीचं काम बघते. ओतीव तुकड्याला कुठं भोक, कुठं चीर, ते हुडकायचं.

दोन सालांमागं तिनं ‘इनोव्हेशन मॅनेजमेंट’ला नाव घातलं. शनिवार-रविवारी लॅपटॉपवर वर्ग, बाकी दिवस कारखाना. आमच्या अंबुबाईनं विचारलं, “म्हंजे काय गं ते?”

“आजी, नवीन कल्पना सुचणं सोपं असतंय. ती चार माणसांच्या हातात रुजवायची कशी, त्याचं शिक्षण.”

“मग मी त्यातली डॉक्टर. तुझ्या आज्याला म्हातारपणी मिक्सर चालवाय लावलाय मी!”

मी सातवी शिकलेलो, तीही मास्तरांची म्हैस राखत. म्हशीचं आमच्याकडं मास्तरांपेक्षा जास्त लक्ष असायचं, असो. कल्पना रुजवायचं कॉलेज असतं, हे ऐकूनच मी गार झालो.

तर शेवटच्या वर्षी कारखान्यात खरोखर एक बदल करून दाखवायचा, त्याचे आकडे परीक्षकांपुढं मांडायचे, तेव्हा पदवी. मालकांनी बजावलं, “दोन टेबलं घ्या, एक महिना घ्या. फसलं तर परत विचारायचं न्हाय.”

दिपालीचा बदल साधा. खोट शेवटी पॅकिंगला सापडायची, ती आता जिथल्या तिथं धरायची. तुकडा पुढच्या हातात द्यायच्या आधी ज्यानं त्यानं बघायचा आणि खोट दिसली की पिवळ्या खडूची खूण करायची. दोन्ही टेबलांवर काम सारखंच व्हायला पाहिजे, नाहीतर आकड्यांना अर्थ न्हाय. आणि महिनाभर तिनं मध्ये तोंड घालायचं न्हाय, असं तिच्या सरांचं सांगणं. म्हणून कामगारांना सांगायचं काम सुपरवायझर आण्णाप्पांकडं दिलं. माणूस सज्जन, बोली कानडी. त्यांनी पाळी सुरू होताना सांगितलं, “आजपासनं होस पद्धत. खडू घ्या.”

कानडीत ‘होस’ म्हणजे नवीन. आमच्या सीमेवरच्या गावांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण दुसऱ्या टेबलावरच्या बायका चंदगडकडनं बसनं येणाऱ्या, नव्यानं लागलेल्या. कानडी अजून त्यांच्या कानात शिरलं नव्हतं.

महिना संपला, आकडे हातात आले, आणि दोन टेबलांचा काही मेळ बसेना. दिपाली त्या टेबलावरच्या जयाबाईंकडं गेली.

“जयाबाई, काही दिवस खडूच लावला न्हाई तुम्ही?”

“हौस न्हवती मॅडम त्या दिवशी.”

“हौस?”

“आण्णाप्पा सायबांनीच सांगितलं न्हवं? हौस पद्धत. ज्याला हौस, त्यानं करायचं!”

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा विक्रम पोट धरून हसला. ती हसली न्हाय. परीक्षकांपुढं बसायचं होतं त्याच रविवारी.

“जयाबाईंचं टेबलच काढून टाक की,” विक्रम म्हणाला. “एकाचेच आकडे दाव. कोण येतंय बघायला?”

“आणि जयाबाई महिनाभर तिथं न्हवत्याच, म्हणून सांगू?”

दुसऱ्या दिवशी तिनं खूण केलेले तुकडे काढून परत तपासले. हुकूम समजून पाळणाऱ्या पहिल्या टेबलानं चांगल्या तुकड्यांवरही खडू ओढला होता. खूण केली की नंतर आपल्यावर बालंट नको! हौसेच्या टेबलावर खुणा आधी तुरळक होत्या. मग बायकांची आपसात चढाओढ लागली, कोण खोट आधी धरतंय म्हणून. त्यांनी जिथं खडू लावला, तिथं बहुतेक खोट होतीच.

हे ऐकताना मी वाटाणे सोलायचं विसरलो. मला आमच्या गावचा रवळू आठवला, तो मी तिला सांगितला. पंचांनी विहिरीचा गाळ काढायला लावला तर गडी बूड नसलेली बुट्टी घेऊन आला. आणि लक्ष्मीच्या यात्रेला मांडवाचे वासे त्यानं एकट्यानं वाहिले, कुणी सांगितलंही नव्हतं.

“आबा, हे लिहू का मी?”

“लिही की. रवळू वारलाय, केस थोडाच घालतोय!”

रविवारी लॅपटॉप सोप्यात मांडला. मी कॅमेऱ्याच्या बाहेर कॉटवर, श्वास धरून. तिनं दोन्ही टेबलं दाखवली आणि म्हणाली, “माझा प्रयोग ठरवला तसा झाला नाही. मी सांगितलेलं माणसांच्या कानात काय होऊन पोचतंय, हे मी बघितलंच नाही.”

एक परीक्षक बाई म्हणाल्या, “दुसरं टेबल वगळता आलं असतं तुम्हाला.”



“वगळलं असतं मॅडम, तर मी महिनाभरात जे शिकले तेच वगळलं असतं.”

“मग कारखानाभर काय लावाल? हौस की हुकूम?”

“ते मला अजून माहीत नाही. त्या बायका नवीन होत्या, म्हणूनही झालं असेल. दोन टेबलांवरनं सांगितलं तर ती थाप होईल.”

एवढं शिकून, एवढ्या मोठ्या माणसांपुढं, ‘माहीत नाही’ असं ताठ मानेनं सांगता येतं! मला वाटायचं, शिक्षण म्हणजे उत्तर येणं. पडद्यावरची माणसं आपसात बोलायला गेली, ती बराच वेळ येईनात. मग आली, काहीतरी इंग्रजीत बोलली, आणि दिपालीनं झाकण मिटलं.

“पास का नापास? सांग की बाई!” अंबुबाई.

“पास, आजी. पण परत करून बघायचंय.”

“पास झाल्यावर परत कशाला गं?”

“आता मला खरंच बघायचंय म्हणून.”

“आणि मालक न्हाय म्हणाले तर?”

“तर परवा परत विचारीन.”

मालक सोमवारी न्हाय म्हणाले. मंगळवारीही म्हणाले. आज गुरुवार. आण्णाप्पा सांगत होते, तिला दारात बघितलं की मालक आता न्हाय म्हणायच्या आधी हसाय लागतात.