पॅकींच्या टर्कीची अठरा पिसं

टर्कीची अठरा पिसं आमच्या जेवणाच्या टेबलावर सुटी पडली होती. माझ्या एका हातात ब्लेड होतं. दुसऱ्या हातात शेपटीचं बूड, म्हणजे ज्याला ती पिसं चिकटलेली असायला हवी होती ते. मंदार, माझा नवरा, ऑनलाइन मीटिंगमधून चहा करायला बाहेर आला आणि दारातच थबकला.

"हे असंच करायचं असतं का गं?"

"हो," मी म्हणाले.

असं करायचं नसतं.

मी मेडिकल सायंटिस्ट आहे. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका हॉस्पिटलच्या हिस्टॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा आमच्याकडे येतो. तो फॉर्मॅलिनमध्ये ठेवून आम्ही सडू देत नाही, मग मेणात बसवतो आणि त्याचे केसाहून पातळ काप करतो. ते काप डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघतात. माझे काप फार सुंदर येतात. हे मी लॅबमध्ये सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तिथेच घोळ झाला.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये माझी चीफ नोरीन टी ब्रेकला दोन मीटर लांब बसून म्हणाली, "शिल्पा, टिश्यू टिकवण्यात तुझा हात कुणी धरणार नाही ना?"

"नाही," मी अगदी नम्रपणे म्हणाले.

"मग माझ्या डॅडींना टर्कीचा फॅन टिकवून देशील?"

फॅन म्हणजे पिसारा. शिकारी लोक तो पसरून वाळवतात आणि आठवण म्हणून भिंतीवर लावतात. मला हे नोरीनने सांगितलं तेव्हा कळलं. त्याआधी दोन सेकंद मी टर्की नावाच्या कंपनीच्या टेबल फॅनचा विचार करत होते.

आयर्लंडमध्ये जंगली टर्की नसतात. हा नर आदल्या ख्रिसमसच्या तोंडावर शेजारच्या फार्मवरून पळाला होता. त्याचे भाऊबंद ओव्हनमध्ये गेले, हा पाइनच्या रानात गेला आणि तिथे दहा महिने राहून गुंड झाला. रस्त्यावर उभा राहून पोस्टाच्या बाईंची गाडी अडवायचा. शेवटी मालकच नोरीनच्या वडिलांना म्हणाला, "पॅकी, तुम्हीच बघा आता त्याच्याकडे."

पॅकी एकोणऐंशी वर्षांचे. जन्मभर फेझंट नावाचे रानपक्षी मारत आलेले. पण डोळे अधू होत चालले होते आणि बंदुकीचं लायसन्स पुन्हा काढायचं नाही असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. चार पहाटे ते रानात नुसते बसून आले. पाचव्या दिवशी टर्की मिळाली. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बंदूक पुसली आणि कायमची आत ठेवली. ही त्यांची शेवटची शिकार. पेंढा भरणाऱ्या माणसाकडे वर्षभराची वेटिंग लिस्ट होती. वर्षभराने आपल्याला तो पिसारा दिसेल की नाही, याची पॅकींना खात्री नव्हती.

हे ऐकल्यावर कुणीही नाही म्हणालं नसतं. पण 'मला पिसाऱ्यातलं काही कळत नाही' एवढं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "ग्रँड! आण उद्या."

आमच्या घरात ऑम्लेटचा तवासुद्धा वेगळा आहे. तिथे टर्कीची शेपटी आली. मंदारने स्वतःचा लॅपटॉप, चहा आणि बिस्किटं बेडरूममध्ये हलवली.

कृती सोपी होती. बुडाशी असलेलं मांस आणि चरबी खरवडून काढायची, कारण सडतं ते तेच. अमेरिकन व्हिडिओंमध्ये बोरॅक्स लावतात. ते इथे मिळेना, म्हणून मीठ. मग पिसारा उघडून पुठ्ठ्यावर टाचण्यांनी पसरायचा आणि तीन-चार आठवडे वाळू द्यायचा. पिसांची मुळं धरून ठेवणाऱ्या कातडीला मात्र हात लावायचा नाही.

हे शेवटचं वाक्य व्हिडिओतला माणूस दोनदा म्हणाला होता. पण चरबी निघाली तरी माझं ब्लेड थांबेना. अजून थोडं स्वच्छ, अजून थोडं पातळ. पंधरा वर्षांची सवय. कातडी कागदासारखी झाली, मग पारदर्शक झाली, मग उरलीच नाही. आधी एक पीस सुटलं. त्याला सावरताना सहा सुटली. बाकीची मी काही करण्याआधीच टेबलावर होती.

आता लॅबचा पहिला नियम सांगते. आलेल्या नमुन्याला आधी लेबल, मग सुरी. नवीन मुलांना तो मीच शिकवते. पिसांवर मी नंबर घातले नव्हते. फोटोही काढला नव्हता.

दोन दिवस ती पिसं बघत बसले. हळूहळू काही कळायला लागलं. मधल्या पिसाची दांडी बरोबर मध्यावर असते. जसजसं कडेला जावं, तशी दांडी बाहेरच्या काठाकडे सरकते. त्यावरून डावी नऊ आणि उजवी नऊ वेगळी झाली. मग लांबी आणि दांडी बघून क्रम लावला. कासलबार गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून गाडीचे पोचे बुजवायचं फिलर आणलं आणि त्यात एकेक पीस रोवलं. डावीकडच्या दोन पिसांबद्दल शंका होती. मी ती शंका दाबली.

नोरीन रोज विचारायची, "कसा चाललाय?"

"ग्रँड," मी रोज म्हणायचे.

डिसेंबरमध्ये निर्बंध थोडे सैल झाले तेव्हा आम्ही पॅकींच्या अंगणात उभे राहिलो. सगळ्यांना मास्क, सगळ्यांच्या नाकाला पाणी. मी पिसारा कठड्यावर ठेवून मागे सरकले. तो खरंच छान दिसत होता. तांब्यासारखा चमकत होता.

"ब्रिलियंट!" नोरीन म्हणाली. "एकदम प्रोफेशनल."

मी मान खाली घातली. तिला तो विनय वाटला.

पॅकींनी हातमोजे काढले. पिसारा डोळ्यांजवळ नेला, एका बाजूला तिरपा धरला, आणि मग बघणं सोडून दिलं. उजव्या कडेपासून एकेका दांडीवरून बोट फिरवत निघाले. मी बोटाबरोबर मोजत होते. मध्य ओलांडला. अकरा. बारा. बोट थांबलं. मागे आलं.

"ही दोन उलटसुलट आहेत," ते म्हणाले. "पडला होता का गं हा?"

आता तरी खोटं बोलता आलं असतं. पण ज्या माणसाने पाच पहाटे त्या पक्ष्याची वाट पाहिली, त्याला काय सांगणार?

"सगळीच पिसं सुटली होती," मी म्हणाले. "माझ्या हातून. मी पुन्हा बसवली."

नोरीन माझ्याकडे बघत राहिली. पॅकींना आधी नीट ऐकू आलं नसावं, कारण त्यांनी मला परत बोलायला लावलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतायत. ते हसत होते.

"अठराच्या अठरा?"

"हो."

"आणि चुकली दोनच?"

मी म्हणाले, काढून नीट बसवून देते. त्यांनी पिसारा कोटाच्या आत घेतला. "आता तू याला हात लावायचा नाहीस," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. पण गंमतही नव्हती.

सोमवारी नोरीनने माझ्यासमोर कोरा इन्सिडन्ट फॉर्म ठेवला. आमच्याकडे चूक झाली की तो भरावा लागतो. काय घडलं, मूळ कारण काय, पुढे काय करणार. मला वाटलं, ती चेष्टा करतेय. ती समोर बसून राहिली, तेव्हा मी भरला. मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं: फाजील आत्मविश्वास.

नोरीनने पेन घेऊन ते खोडलं.

"फाजील आत्मविश्वास माझ्या लॅबमध्ये सगळ्यांनाच आहे. मी तुला महिनाभर रोज विचारत होते, शिल्पा."

तिने फॉर्म फाडून टाकला. पिसारा पॅकींच्या स्वयंपाकघरात लागला आहे, असं नंतर तिच्याकडूनच कळलं. येणाऱ्या प्रत्येकाला ते चुकीची दोन पिसं शोधायला लावतात. कुणाला सापडत नाहीत. मग ते स्वतः दाखवतात, माझ्या नावासकट.

नवीन मुलांना मी आता दोन नियम शिकवते. पहिला लेबलचा. दुसरा असा, की चीफने 'कसं चाललंय' विचारलं तर तो प्रश्न असतो, त्याला उत्तर द्यायचं असतं.