दादाचे पाच शर्ट

मंदीच्या त्या वर्षी वाघोलीत आमच्या सोसायटीच्या फाटकाशी एक इस्त्रीवाला बसत असे. त्याचे नाव मी कधी विचारले नाही. शर्ट हाती घेतला, की तो आधी कॉलर अंगठ्याने चाचपून पाही आणि मगच ओल्या बोटाने इस्त्रीचा ताप अजमावी.

एका रविवारी, आयटीत असलेल्या माझ्या दादाच्या पाचही शर्टांच्या घड्यांवर मला पिवळट रेषा दिसल्या. शर्ट घेऊन मी तडक खाली गेले.

"काका, इस्त्री फार तापवता तुम्ही. सुती धागा असाच करपतो."

त्याने सवयीने कॉलर चाचपली. "इस्त्री तेवढीच गरम हाय, ताई. कॉलरीला मळ न्हाई; दोन महिने हे शर्ट न घालताच परत येत्यात. त्याच घडीवर सारखी इस्त्री फिरली, की पिवळं पडणारच." मग तो चपापला. मी खोदून विचारले, तेव्हा म्हणाला, "वहिनी म्हणाल्या, ताईंना सांगू नका. दादांची नोकरी गेल्याचं कळलं, तर त्या परदेशी शिकायला जायच्या न्हाईत."

मी सकाळी सातला प्रयोगशाळेत जाई. माझ्यानंतर दादा ऑफिसला जातो, हे मी गृहीत धरले होते. एकदाही पडताळले नव्हते.

"मग मी आता जाणारच नाही," मी म्हणाले.

त्याने शर्ट माझ्या हाती परत दिले. "मग दोन महिने आम्ही इस्त्री कशापायी केली?"

वर वहिनीने विचारले, "काय म्हणाला गं?"

"इस्त्री जास्त तापली होती म्हणाला," मी सांगितले आणि शर्ट दादाच्या कपाटात नीट रचून ठेवले.