पार्किंगमधलं रोजचं लग्न

चंद्राकडे माणसं नेणाऱ्या यानाला गुंडाळायची चंदेरी पांघरुणं असतात ना, ती मी शिवते. शिवण कुणी शिकवलं नाही, पोरांचे कपडे शिवता शिवता आलं. आमच्या क्लीनरूममध्ये धुळीचा कणही चालत नाही, म्हणून पावडर नाही, टिकली नाही, बांगड्या नाहीत. मंगळसूत्रसुद्धा काढून लॉकरला टांगायचं.

मला गाडी येत नाही, म्हणून संध्याकाळी आमचे हे न्यायला यायचे. सुई धरून बोटं इतकी आखडायची, की मंगळसूत्राचा मानेमागचा हूक लागायचाच नाही. मग पार्किंगमध्येच गाडीत बसून मी पाठ वळवायचे, हे हूक लावायचे.

"लागलं आजचं लग्न," म्हणायचे.

"अहो, आणि अक्षता?"

"घरी भात लावशीलच की."

रोज तेच बोलणं, आणि रोज मी हसायचे.

मग ह्यांचं लिव्हर गेलं. मी म्हटलं, नोकरी सोडते. तर म्हणाले, "हातातलं पांघरूण पुरं कर. आत माणसं बसणारेत." मग मुलगा मला कामावरून थेट हॉस्पिटलात न्यायचा. मी खाटेच्या कडेला पाठ करून बसायचे, आणि हे पडल्यापडल्या हूक लावायचे.

पांघरूण चाचणीला गेलं त्या दिवशीची गोष्ट. मोठ्या बंद टाकीत हवा काढून घेतात, तापवतात, गोठवतात, टाका उसवतो का बघतात. आम्ही सगळ्या वाट बघत होतो, तेवढ्यात सुपरवायझर बाईंनी काचेवर टकटक केलं. मुलाचा फोन होता. अंगावरचा पांढरा झगा काढला आणि तशीच धावले.

ह्यांना शुद्ध होती. बोट फिरवून खूण केली, वळ. वळले. मानेवर बोटं आली आणि थांबली.

"कुठंय?"

"लॉकरला राहिलं हो. उद्या आणते."

रिकाम्या मानेवरच दोन बोटं जुळवली, हूक लावताना जुळवायचे तशी.

"लागलं," म्हणाले.

अक्षतांचं विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं. त्या रात्री हे गेले.

टाके टिकले, असं नंतर कळलं. मंगळसूत्र बाईंनी कागदात गुंडाळून हातात दिलं. ते आता कपाटात आहे.

मी परत कामाला जाते. संध्याकाळी गाडीत बसले की पाठ आपोआप वळते.

"आई, सीटबेल्ट," मुलगा हळूच म्हणतो.